गंगेवर पळताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

नाशिकमध्ये आसाराम पुलापासून खाली रामकुंडाकडे येणारा गोदाकाठ (गोदावरीला आपण गंगाच म्हणतो) शहरात सावकाश पळण्यासाठी सगळ्यात सोपा. चढ जवळपास नाही, सिग्नल नाही, एका अंगाला पाणी आणि झाडं. तरी या एवढ्याशा पट्ट्याबद्दल पत्रं भरपूर आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

वय ४६. बैठं काम. शाळेनंतर कधी पळालो नाही. घर आसाराम पुलाजवळ आहे, तर गोदापार्कातून निघून रामकुंडापर्यंत पळत जावं असं फार वाटतं. सुरुवात कशी करू?
(एक वाचक, सावरकरनगर)

रामकुंड सध्या विसरा. अंतर डोक्यात ठेवून निघालात की परत येताना पाय ओढत यावं लागतं, आणि चौथ्या दिवशी बूट कपाटात जातात. सुरुवातीचे दोन महिने हिशोब मिनिटांचा ठेवा.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सुट्टी. दर वेळी आधी पाच मिनिटं झपझप चालायचं. पहिले दोन आठवडे एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं सात वेळा. शेवटी पाच मिनिटं रमतगमत चालणं. सगळं मिळून अर्धा तास. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं, सहा वेळा. पाचव्या-सहाव्यात चार मिनिटं पळणं आणि दोन चालणं, चार वेळा. सातव्यात आठ मिनिटं पळून दोन चालणं, तीन वेळा. आठव्या आठवड्यात सलग वीस मिनिटं. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा, त्यात कमीपणा नाही. पहिल्याच आठवड्यात मात्र 'आज बरं वाटतंय' म्हणून पाच मिनिटं सलग पळू नका. दम आठवड्या-दोन आठवड्यांत वाढतो, पण नडगीचं हाड, टाच आणि गुडघ्याभोवतीच्या दोऱ्या भार घ्यायला शिकतात त्याला महिने लागतात. नवशिक्यांची दुखणी बहुतेक या तफावतीतून येतात.

आता रस्ता. नदी इथे पश्चिमेकडून पूर्वेला वाहते, त्यामुळे सकाळी शहराकडे तोंड करून निघालात की सूर्य थेट डोळ्यांत येतो. पुढे झडप असलेली टोपी घाला, नाहीतर खालची उचकटलेली फरशी दिसत नाही. काठ सलगही नाही. कुठे काँक्रीट, कुठे पेव्हर ब्लॉक, कुठे मातीची पायवाट, आणि मध्येच वाट तुटून वर रस्त्यावर यावं लागतं. म्हणून पहिल्या दिवशी पळू नका. पुलापासून रामवाडीपर्यंत एकदा उजेडात चालत जा आणि कुठे ब्लॉक वर आलेत, कुठे चेंबरचं झाकण हलतं, कुठे झाडाच्या मुळांनी फरशी उचललीय ते बघून ठेवा. माती मोकळी आणि कोरडी असेल तिथे मातीवरून पळा, पायाला ती सगळ्यात मऊ.

वळायचं घड्याळाकडे बघून. अर्ध्या तासाचं काम असेल तर पंधराव्या मिनिटाला तोंड फिरवायचं, पाय कितीही हलके वाटत असोत. एकाच दिशेने पळत गेलात तर दमलेल्या अवस्थेत घर सर्वात लांब असतं.

एक अट. छातीत दाब, धडधड, चक्कर असं काही पूर्वी झालं असेल, बीपी-साखर असेल किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. पंचेचाळिशीनंतर हे आम्ही सगळ्यांनाच सांगतो.

पाचव्या मिनिटाला धाप लागते. बाजूने सत्तर वर्षांचे काका आरामात पुढे निघून जातात. माझा स्टॅमिनाच कमी आहे का?
(एक वाचक, महात्मानगर)

स्टॅमिना नाही, वेग चुकतोय. तुम्ही सोप्या पळण्याच्या नावाखाली शर्यत पळताय.

कसोटी साधी आहे. पळताना पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे: 'आज भाजी घेऊन यायची आहे, गवार मिळाली तर बघतो.' हे एका दमात निघालं तर वेग बरोबर. 'आज... भाजी...' असं झालं तर लगेच कमी करा. गाणं म्हणता येत असेल तर किंचित वाढवायला हरकत नाही. एकटे असाल तर चार पावलांत श्वास आत आणि चार पावलांत बाहेर जमतो का बघा. दोन-दोन पावलांवर आलात म्हणजे घाई झाली.

बहुतेक नवख्यांसाठी हा वेग किलोमीटरला आठ ते नऊ मिनिटं निघतो. झपझप चालणाऱ्या माणसापेक्षा थोडाच जास्त. लाज वाटण्याइतका हळू वाटला तर तो बहुधा बरोबरच आहे. पावलं मात्र लांब टाकू नका. मिनिटाला साधारण १६० ते १७० छोटी पावलं, पाय शरीराच्या खाली पडला पाहिजे, पुढे फेकलेला नको. लांब ढांग टाकली की टाच आधी आपटते आणि प्रत्येक पावलाला थोडा ब्रेक लागतो. धापेचं अर्धं कारण हेच असतं. काकांकडे नीट बघा, त्यांची पावलं बारीकच असतील.

मनगटावरच्या घड्याळातल्या ठोक्यांवर फार विसंबू नका. २२० वजा वय हा आकडा ढोबळ असतो, आणि बीपीसाठी ठोके कमी करणारी गोळी चालू असेल तर तो लागूच पडत नाही.

पावसाळ्यात गंगेवर पळणं बंदच करायचं का? पाणी किती वाढलं की धोका समजायचा? पूर ओसरल्यावर किती दिवसांनी परत जावं?
(तीन वाचक: पंचवटी, गंगापूर रोड, अशोकस्तंभ)

पाऊस पडतोय म्हणून बंद नाही, पण नदीची खबर न घेता कधीच जायचं नाही. पूर कसा येतो ते समजलं की निर्णय आपोआप होतो.

शहरातलं पाणी दोन वाटांनी वाढतं. एक, गंगापूर धरणातून सोडलेला विसर्ग. हा सांगून येतो. बातम्यांत 'होळकर पुलाखालून इतके क्युसेक', म्हणजे सेकंदाला इतके घनफूट पाणी, असा आकडा असतो. तो आदल्या दिवशीपेक्षा वाढलेला असेल किंवा विसर्ग वाढवणार असं म्हटलं असेल, तर त्या सकाळी काठावर उतरू नका. धरण शहराच्या जवळच वरच्या अंगाला आहे, पाणी पोचायला फार वेळ लागत नाही. दुसरी वाट म्हणजे शहरातलाच पाऊस. सरस्वती नाला, वाघाडी असे नाले भरून थेट नदीत येतात. धरणाचे दरवाजे बंद असतानाही तासाभराच्या मुसळधार पावसाने खालचा काठ पाण्यात जातो, आणि याची कसली सूचना येत नाही. म्हणून रात्री धो धो पाऊस झाला असेल तर सकाळी काठाऐवजी रस्ता किंवा मैदान.

जागेवर मोजपट्टी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेच: नदीतली दोन तोंडांची मूर्ती, दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या पायाला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, अशा भाषेत नाशिकला पूर मोजतात. पळणाऱ्यासाठी मात्र ही मोजपट्टी उशिराची. मारुतीच्या पायाला पाणी लागण्याआधीच काठालगतच्या खालच्या पायवाटा आणि बुटके पूल बुडालेले असतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरांत गोदापार्कचा काठही पाण्याखाली गेला होता. आमचा नियम यापेक्षा कडक: पायवाटेच्या कडेपासून पाणी दोन पायऱ्यांवर आलं किंवा गढूळ होऊन त्यात काड्याकचरा वेगाने वाहायला लागला, की वर रस्त्यावर. रामसेतूसारख्या बुटक्या पुलावरून पाणी जात असताना 'घोट्याएवढंच तर आहे' म्हणून ओलांडू नका. वाहतं पाणी घोट्याएवढं असलं तरी खालचा दगड दिसत नाही, आणि दगडावर शेवाळ असतंच.

ओसरल्यावरचा काळ तर आमच्या मते पुरापेक्षा जास्त फसवा. ऊन पडतं, वाट मोकळी दिसते, माणसं फोटो काढायला येतात. पण काळ्या दगडावर आणि काँक्रीटवर बारीक गाळाचा थर बसलेला असतो. वरून वाळून त्याची पापडी होते आणि खाली ओला चिखल राहतो. पापडीवर पाय पडला की ती तुटते आणि पाय सरकतो. गाळ धुऊन काढल्याशिवाय पळू नका. आणि धुतल्यानंतरही तिथली फरशी सकाळच्या दवात पुन्हा निसरडी होते, तेव्हा पहिले काही दिवस उशिरा, ऊन लागल्यावर जा. त्या चिखलात काचा, खिळे, निर्माल्यातल्या तारा असतात. उंदरांच्या मुतामुळे लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजारही पसरतो. पायाला चीर, फोड किंवा कातडी सोललेली असेल तर पुराच्या पाण्यात आणि चिखलात पाय घालूच नका. घातला गेला तर घरी येऊन साबणाने धुवा, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत जबर दुखणं, डोळे लाल अशी लक्षणं आली तर डॉक्टरांना 'पुराच्या चिखलात गेलो होतो' हे आवर्जून सांगा. न सांगितल्याने निदान उशिरा होतं.

सोमेश्वरच्या धबधब्याजवळच्या खडकांबद्दलही एकाने विचारलंय. तिथे पावसाळ्यात पळायला जाऊ नका. एवढंच.

रोज रामकुंडापर्यंत पळत जातो. परवा घाटावर एक आजी रागावल्या, 'बाबा, इथे काय पळतोस?' मी कोणाला धक्का दिला नव्हता. घाट सगळ्यांचा नाही का?
(एक वाचक, पंचवटी)

सगळ्यांचाच आहे, म्हणून तर आजी रागावल्या. आम्ही आजींच्या बाजूने.

होळकर पुलाच्या पुढे पळणं थांबवा आणि चाला. कारण फक्त मान राखण्याचं नाही. घाटावर सकाळी ओले पाय, ओली धोतरं, सांडलेलं दूध, तेलाचे दिवे, झेंडूच्या पाकळ्या असतात. पाकळी दगडावर चिरडली की साबणासारखी सरकते. वयस्कर माणसं स्नान करून पाठमोरी पायऱ्या चढत असतात, कोणी पिंडदान करत बसलेलं असतं, कोणी अस्थी घेऊन आलेलं असतं. त्यातून तुम्ही झपझप गेलात तर धक्का न लागताही माणूस दचकतो, आणि ओल्या पायरीवर दचकणं म्हणजे पडणं.

याचा फायदा करून घ्या. पळून झाल्यावर पाच-सात मिनिटं चालून ठोके खाली आणायचे असतातच. होळकर पुलापासून रामकुंड, नारोशंकराच्या देवळापर्यंतचा भाग त्यासाठी ठेवा. ठोके उतरतात, दर्शन होतं. बूट घालून कुंडाच्या पायऱ्या उतरू नका, वरूनच नमस्कार करा.

बुधवारी आठवडे बाजार असतो, तेव्हा गाडगे महाराज पुलाकडे पळायला जागाच नसते. एकादशी, अमावास्या, श्रावणातले सोमवार, विसर्जनाचे दिवस, या सगळ्या दिवशी होळकर पुलावरूनच परत फिरा. सिंहस्थ कुंभमेळा २०२६-२७ च्या कामांमुळे घाटाचा एखादा भाग खणलेला किंवा पत्रे लावून बंद केलेला दिसला तर पत्र्याच्या फटीतून आत शिरू नका. आत खड्ड्यांवर नुसती फळी टाकलेली असते.

पळायला लागून तीन आठवडे झाले. नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर, दुखतं. सुरुवातीला दुखतं, गरम झालं की कमी होतं, घरी आल्यावर पुन्हा. बूट बदलू का?
(एक विद्यार्थी, कॉलेज रोड)

बूट नंतर. आधी गेल्या तीन आठवड्यांत किती पळालात ते लिहून काढा. बहुधा दुसऱ्या आठवड्यात अंतर एकदम दुप्पट झालेलं दिसेल. नडगीच्या आतल्या कडेने वीतभर लांबीत दुखणं हे हाडाभोवतालच्या आवरणावर आणि पोटरीच्या स्नायूंवर अचानक वाढलेल्या भाराचं लक्षण. पेव्हर ब्लॉकचा कडकपणा त्यात भर घालतो. आणखी एक कारण काठावरच असतं. वाट नदीकडे किंचित उतरती असते, पाणी निचरून जावं म्हणून. रोज एकाच दिशेने जाऊन दुसऱ्याच वाटेने परतलात तर कायम एक पाय खालच्या बाजूला राहतो. त्याच वाटेने परत या, म्हणजे उतार दोन्ही पायांना सारखा वाटला जातो.

आता करायचं असं. आठ-दहा दिवस पळणं बंद, चालणं आणि सायकल चालेल. संध्याकाळी बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, थेट कातडीवर नको. दिवसाआड दोन व्यायाम: पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, पंधरा वेळा, दोन फेऱ्या. आणि भिंतीला पाठ टेकून, पाय भिंतीपासून फूटभर पुढे ठेवून चवडे वर उचलणं, पंधरा वेळा, दोन फेऱ्या. दुसरा साधा वाटतो, पण नवव्या-दहाव्या वेळेला नडगीच्या बाहेरच्या बाजूला जळजळ होते. तोच स्नायू कमजोर असतो. पुन्हा कधी पळायचं? दुखऱ्या पायावर एका जागी दहा उड्या मारा. काहीच दुखलं नाही तर आधीच्या निम्म्या वेळेपासून सुरू करा.

दुखणं वीतभर न पसरता नाण्याएवढ्या एकाच जागी असेल, बोटाने दाबल्यावर कळ येत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल, तर थांबू नका, हाडांच्या डॉक्टरांकडे जा. हाडाला बारीक चीर असू शकते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती साध्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून 'एक्स-रे नॉर्मल आहे' एवढ्यावर पळायला लागू नका.

आम्ही दोघी मैत्रिणी पहाटे पाचला जायचं म्हणतो, नंतर मुलांचे डबे असतात. गंगेवर तेव्हा जाणं ठीक आहे का? पंजाबी ड्रेसवर पळता येईल का?
(दोन गृहिणी, गंगापूर रोड)

पाचला काठावर नको. जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, जूनमध्येही सहाच्या आसपास. अंधारात निर्मनुष्य काठ सुरक्षित नाही, आणि उचकटलेला ब्लॉक तर कोणालाच दिसत नाही. डब्यांमुळे पाचचीच वेळ असेल तर दिवे आणि वर्दळ असलेल्या रस्त्याच्या फूटपाथवर, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, फिकट रंगाचे कपडे घालून पळा. काठ रविवारसाठी ठेवा. दोघी आहात हे चांगलंच. तरी घरच्यांना वाट आणि परतायची वेळ सांगून ठेवा, एक कान मोकळा ठेवा, आणि फोनमध्ये ११२ हा आणीबाणीचा नंबर झटकन लावता येईल असा असू द्या.

ड्रेस चालेल, ओढणी नको. सलवारचा घेर मोठा असेल तर पायात अडकतो, त्यापेक्षा चुडीदार किंवा लेगिंग बरी. कुर्ता गुडघ्याच्या वर असावा आणि बाजूला कापलेला असावा. सुती कपडा घामाने जड होतो आणि काखेत, मांडीत घासतो. तिथे आधीच थोडं व्हॅसलिन लावा. खर्च एकाच गोष्टीवर करायचा तर चांगल्या स्पोर्ट्स ब्रावर करा. दुकानात घालून जागच्या जागी दहा उड्या मारून बघा. हलल्यासारखं, ओढल्यासारखं वाटलं तर ती आपली नाही.

मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. सकाळी उपाशीपोटी पळू का?
(एक निवृत्त वाचक, इंदिरानगर)

कोणत्या गोळ्या यावर आहे. काही गोळ्या आणि इन्सुलिन साखर खाली आणतात, काहींनी ती एकट्याने फारशी उतरत नाही. पळायला लागताय हे डॉक्टरांना सांगून डोस विचारून घ्या. स्वतः गोळी बंद करू नका.

पहिले काही दिवस निघण्याआधी साखर तपासा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल आणि आकडा १०० च्या खाली असेल, तर अर्धं-एक केळं खाऊन थोड्या वेळाने निघा. खिशात तीन-चार चमचे ग्लुकोज पावडरची पुडी कायम ठेवा. हात थरथरणं, घाम, गरगरणं जाणवलं की थांबा, पुडी खा, पंधरा मिनिटं बसा. पळून संपवायचा हट्ट नको. घरी आल्यावर तळपाय आणि बोटांमधल्या बेचक्या रोज बघा. संवेदना कमी असल्यामुळे फोड कळतच नाही. आणि गंगेच्या वाळूत, घाटावर अनवाणी फेऱ्या मारणं बरं असं कोणी सांगितलं तर तुमच्यापुरतं ते खोटं.

माझ्या घड्याळात ५.३ किलोमीटर, मित्राच्या फोनमध्ये ४.९. पळालो एकत्रच. कोणाचं खरं?
(एक वाचक, पंचवटी)

दोघांचंही अंदाजेच. पुलाखाली आणि दाट झाडांखाली उपग्रहाचा सिग्नल तुटतो, मग घड्याळ दोन बिंदू सरळ रेषेने जोडतं किंवा तुम्हाला नदीत उडी मारायला लावतं. नकाशावर बघा, तुमची रेघ एखाद्या ठिकाणी पाण्यातून गेलेली दिसेल. निघण्यापूर्वी मिनिटभर उघड्या आकाशाखाली उभं राहून सिग्नल पक्का होऊ द्या. फोन खिशात नाचत असेल तर फरक आणखी वाढतो, आणि 'ऑटो पॉज' (थांबलात की मोजणी आपोआप थांबवणारी सोय) चालू असेल तर सावकाश पळताना तो तुम्हाला थांबलेला समजतो.

खात्रीचा उपाय पायाचाच. चारशे मीटरच्या ट्रॅकवर, आतल्या लेनमधून, तुमच्या नेहमीच्या वेगाने एक फेरी मारा आणि फक्त उजवा पाय मोजा. समजा २८० आले. म्हणजे किलोमीटरला उजवी पावलं ७००. काठावर ७०० मोजून एखादं ओळखीचं झाड किंवा दिव्याचा खांब ठरवून ठेवा. दोन-तीन दिवस मोजून सरासरी घेतली की मग घड्याळाची गरज उरत नाही.

रोज काठावरच पळू की मैदानावर? मला १० किलोमीटर ५५ मिनिटांत करायचे आहेत.
(एक वाचक, सातपूर)

दोन्ही, पण कामं वेगळी. आठवड्यातल्या चार दिवसांपैकी तीन दिवस काठ आणि बोलता येईल असा वेग. चौथ्या दिवशी भोसला मिलिटरी स्कूलचं मैदान किंवा गोल्फ क्लबचा ट्रॅक, तिथे वेगाचं काम: चारशे मीटर २ मिनिटं १० सेकंदांत, मग दोन मिनिटं चालणं, असं सहा ते आठ वेळा. तुमच्या लक्ष्याला किलोमीटर साडेपाच मिनिटांत पडतो, म्हणजे चारशेला २ मिनिटं १२ सेकंद. त्यापेक्षा फार जोरात पळून उपयोग नाही.

काठावर वेगाचा सराव करू नका. लोक, कुत्री, वळणं, उचकटलेले ब्लॉक, सगळं मध्ये येतं. आपल्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य मिळवलं, ती शर्यत म्हणजे चारशेच्या पंचवीस फेऱ्या. वेग मोजायचा तर जागा मोजलेली हवी.

काठावरची कुत्री अंगावर येतात.
(अनेक वाचक)

पळत असलेल्या माणसामागे लागणं हा त्यांचा स्वभाव, म्हणून थांबा. डोळ्यांत न बघता, हात खाली ठेवून, त्यांच्या टप्प्यातून चालत बाहेर पडा. दगड उचलायला वाकू नका, टोळी असेल तर भडकते. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, तेल, चुना काही लावू नका, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. ओरखडा असला तरी दाखवा.

पळून झाल्यावर मिसळ चालेल का?
(एक वाचक, पेठ रोड)

रविवारी चालेल. अर्ध्या तासाच्या सावकाश पळण्यात जेवढं जळतं त्याहून मिसळ-पाव आणि वरचा कट जास्त भरतो, एवढं माहीत असू द्या. पळून झाल्यावर पहिली दहा मिनिटं पाणी प्या, मग रस्सा. उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त पळालात तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट घ्या. मिठाचा चमचा सपाटच हवा, जास्त झालं तर त्रास होतो.

बूट किती दिवसांनी बदलावेत? आणि पावसात भिजलेले वाळवायचे कसे?
(एक वाचक, जेलरोड)

साधारण ५०० ते ७०० किलोमीटर. आठवड्याला पंधरा किलोमीटर धरले तर आठ महिने ते वर्ष. तळाची नक्षी शाबूत असली तरी आतला फोम बसलेला असतो. बूट टेबलावर ठेवून मागून बघा, टाच एका बाजूला कललेली असेल तर संपला. नवे घ्यायला संध्याकाळी जा, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात. पळताना घालता तेच मोजे घाला आणि उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहते का बघा. काठावर पळणाऱ्याने फार उंच, फार मऊ तळाचे घेऊ नयेत, ब्लॉकच्या कडेवर घोटा वळतो.

भिजलेले बूट उन्हात किंवा हीटरसमोर ठेवू नका, डिंक सुटतो. आतली सोल काढून वेगळी वाळवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने ओले बोळे बदला आणि पंख्याखाली आडवे ठेवा. चिखल वाळल्यावर ब्रशने झाडा, ओला असताना घासलात तर तो जाळीत जाऊन बसतो.